अण्णांनी त्याला सांगितलेलं

त्या दिवशी अण्णांनी त्याला विचारलं, "तुमच्या गावाला विहिरी किती?" तो म्हणाला, "तीन." मी दोघांच्या मध्ये बसून भाषांतर केलं. अण्णा राहायला माझ्याकडे होते, पण त्या दिवसापासून ते त्याचे झाले.

तो माझा रूममेट. पॅलेस्टिनी. अमेरिकेत ॲन आर्बरला सिव्हिल इंजिनियरिंग करत होता. त्याचं कुठलंही बोलणं "आमच्या गावात" इथून सुरू व्हायचं. अंजीर खाताना, बर्फ उपसताना, बसची वाट बघताना. बोलता बोलता हाताने हवेत रस्ते काढायचा: इथे मशीद, इथून उतार, उताराखाली आजोबांची ऑलिव्हची झाडं. तुम्ही त्याच्यासमोर तासभर बसला असतात, तर त्या गावात न चुकता फिरला असतात.

तो स्वतः तिथे कधीच गेला नव्हता. अठ्ठेचाळीस साली त्या गावातल्या माणसांना हाकलून दिलं गेलं. याचा जन्म जॉर्डनमधल्या छावणीतला. गाव त्याला वडिलांनी सांगून सांगून दिलं होतं.

माझं गाव साताऱ्याकडे, जागच्या जागी होतं. माझे वडील, अण्णा, बेचाळीसच्या चळवळीत दोन वर्षं भूमिगत होते, एवढं एकच वाक्य माझ्या वाट्याला आलेलं, तेही आईकडून. अण्णांना विचारलं की म्हणायचे, "अभ्यास झाला का?"

आई गेल्यावर, अठ्ठ्याऐंशीच्या उन्हाळ्यात, मी अण्णांना तीन महिन्यांसाठी बोलावून घेतलं. टीव्हीवर तेव्हा रोज बातम्यांत पॅलेस्टाइनमधली दगड मारणारी पोरं आणि त्यांच्यामागे धावणारे सैनिक दिसायचे. तो गुडघे पोटाशी घेऊन बघत बसायचा.

"याचं कोण आहे तिकडे?" अण्णांनी मला विचारलं.

"मामेभाऊ. तुरुंगात आहे."

"त्याला सांग, पहिले आठ दिवस जड जातात. मग माणूस ढेकणांची नावं ठेवायला लागतो."

अण्णा तुरुंगातही होते, हे मला असं कळलं.

मग ते थांबलेच नाहीत. त्याला सांग, तारा तोडायला खांबावर चढायचं तर अनवाणी चढावं. त्याला सांग, उसात लपलं की पात्याने अंग कापतं त्याचं काही नाही, खोकला आला की संपलं. त्याला सांग, एका बाईने फौजदारासमोर मला आपला आजारी नवरा म्हणून गोधडीत निजवलं, आणि खरा नवरा माळ्यावर शिंक दाबून बसला होता.

मी इंग्रजीत सांगत होतो. अण्णा त्याच्या चेहऱ्याकडे बघत, माझ्याकडे नाही. तो हसला की हसत. त्याच्या ऑलिव्ह तेलात आणि झातारच्या, त्यांच्याकडच्या तीळ-मसाल्याच्या, पुडीत भाकरी बुडवून म्हणत, "ही चटणी आपल्याकडचीच आहे रे." तो त्यांना 'अम्मो' म्हणायचा, त्यांच्याकडे काकांना म्हणतात तसं. आणि अण्णा त्याला 'बाळ' म्हणायला लागले. मला ते कायम आडनावाने हाक मारल्यासारखे हाक मारत.

समोरच्या अपार्टमेंटमधला पुण्याचा मित्र म्हणाला, "यार, तू तर यांचा नुसता टेलिफोन झालायस." मी हसलो. दुसरं काय करणार?

शुक्रवारी दुपारी तो लायब्ररीसमोर फलक घेऊन उभा राहायचा. अण्णाही टोपी घालून शेजारी उभे राहू लागले. एकदा कुणीतरी गाडीतून ओरडलं, "घरी जा!" तो शांतपणे म्हणाला, "तेच तर मागतोय." मी ते मराठीत सांगितलं आणि अण्णा खोकला येईपर्यंत हसले. माझ्या कुठल्या बोलण्यावर ते असे हसल्याचं मला आठवेना.

एका संध्याकाळी त्याच्या लक्षात आलं.

"हे तुलाही नवीन आहे?"

"हो."

"मग आज तू विचार." आणि कपड्यांची बादली उचलून तो तळघरातल्या वॉशिंग मशीनकडे निघून गेला.

मी आणि अण्णा समोरासमोर.

"अण्णा, त्या बाईचं पुढे काय झालं?"

"कुठल्या?"

"गोधडीवाल्या."

"काय व्हायचंय!" त्यांनी टेबलावरचा चुरा गोळा केला. "तुझ्या प्रोफेसरांनी थिसिसचा तो चॅप्टर वाचला का?"

मी चॅप्टरबद्दल सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. तो ओले कपडे घेऊन वर आला तसे अण्णा खुर्चीत सावरून बसले. "आलास का, बाळ? त्याला सांग, त्या बाईला पुढे फौजदाराने..."

"अण्णा," मी म्हटलं, "मला का नाही सांगत?"

त्यांनी गोळा केलेला चुरा बशीत टाकला. "घरात सांगितलं की ती बढाई होते. त्याला लढायचंय. त्याला उपयोग आहे."

"काय म्हणाले?" त्याने उत्सुकतेने विचारलं.

"म्हणाले, चहा टाक."

त्याने टाकला. गोष्ट पुढे सुरू झाली. मीही सुरू झालो.

अण्णा परत गेले आणि दोन वर्षांनी वारले. मी त्याला डेट्रॉइटला फोन केला. तो हमसून हमसून रडला, "अम्मो, अम्मो" म्हणत, आणि मी रिसीव्हर धरून उभा. मला अजून रडू आलं नव्हतं. ते दुःखही आधी त्याने घेतलं, असं मला वाटलं.

गेल्या वर्षी तोही गेला, गाव न बघता. आता अण्णांची ती दोन वर्षं मला एकट्यालाच ठाऊक आहेत, आणि ती मला इंग्रजीत आठवतात.