दाताने ऐकणारा मिस्त्री

मिस्त्रीच्या डोक्यात वारं शिरलंय, अशी बातमी गल्लीभर झाली होती. हाक मारली तर ओ देत नाही, विचारलं तर उत्तर नाही. समोरच्या शिंप्याने तीनदा हाक मारून पाहिली आणि मग आपलाही काही मान आहे म्हणून तोंड फिरवलं. शिंपीणबाईंनी वर फोडणी घातली, ‘मोठ्या कंपनीने बोलावलंय म्हणे त्याला. आता आपल्याशी कशाला बोलेल?’

साफ खोटं. त्याला कुत्रंही बोलावत नव्हतं. मिस्त्रीला ऐकू येत नव्हतं, एवढंच. पण गर्विष्ठ मिस्त्रीकडे लोक नाक मुरडत का होईना गाड्या आणतात. बहिऱ्याकडे कोण आणील? म्हणून त्याने गर्व पत्करला.

धंद्यात त्याचं अडत नव्हतं. स्क्रूड्रायव्हरचं टोक चालू इंजिनावर टेकवायचं आणि मूठ दातात धरायची. टॅपेट सैल असलं की ठकठक थेट जबड्यात. गिऱ्हाईक तोंडात बोट घालायचं, मिस्त्रीच्या तोंडात स्क्रूड्रायव्हर! प्लग काजळलेला असला तर पेट्रोल जास्त जातंय, पांढरा पडला तर इंजिन तापतंय. तिथे तर कानाला कोण विचारतो?

अडायचं ते शटर ओढल्यावर. मागच्या खोलीत एक खाट, एक ताट आणि फडकं टाकून ठेवलेला रेडिओ. बायको गेल्यापासून बोलायला होती ती एक लेक, तीही दुसऱ्या शहरात. तिचा फोन आला की मिस्त्री अंदाजाने ‘हो हो, छान छान’ म्हणायचा आणि पकडलं जाऊ नये म्हणून पटकन ठेवून द्यायचा. मग किती तरी वेळ फोन हातात धरून खाटेवर बसायचा.

एका दुपारी लेक स्वतःच आली. मोटरसायकल ढकलत, घामाघूम, नाकाच्या शेंड्यावर राग.

“थोडी पळते आणि मरते. जरा थांबलं की पुन्हा सुरू. तुमच्यासारखीच लहरी झालीय!”

ती समोर उभी होती, म्हणून ओठांवरून त्याला सगळं कळलं. दुखणंही ओळखलं. टाकीच्या झाकणाला हवेचं बारीक भोक असतं. ते बुजलं की आत हवा जात नाही आणि पेट्रोल खाली उतरत नाही. तसं असेल तर झाकण उघडताच फुस्स व्हायला हवं.

त्याने झाकण उघडलं. वाट पाहिली.

“आवाज नाही. झाकण ठीक आहे. कार्बोरेटर खोलावा लागेल,” म्हणत तो पान्हा शोधायला वळला.

ते फुस्स सुईत दोरा ओवणाऱ्या शिंप्यालाही ऐकू गेलं होतं.

“बाबा, झालं की फुस्स!” लेक त्याच्या पाठीमागून म्हणाली.

मिस्त्री पान्हे चाळत राहिला.

“बाबा, मी चालले. पुन्हा यायची नाही.”

त्याने एक पान्हा निवडला, फुंकर मारून पुसला.

लेक जागच्या जागी थिजली. मग वळसा घालून त्याच्या पुढ्यात उकिडवी बसली आणि एकेक शब्द सावकाश बोलली, “मी तापाने फणफणले होते. फोनवर सांगितलं तुम्हाला. तुम्ही म्हणालात, ‘छान छान.’ त्यावरूनच भांडायला आले होते.”

मिस्त्रीच्या हातातला पान्हा खाली गेला.

“तुला ताप होता?”

तिने मान डोलावली. मिस्त्री उठला, समोरून शिंप्याची सुई मागून आणली आणि झाकणाचं भोक मोकळं करत बसला. गरजेपेक्षा जास्तच वेळ.

लेकीने त्याची हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवलं. “इंजिनाचं ऐकायला एवढी युक्ती काढलीत. माझं ऐकायला काहीच सुचलं नाही?”

मिस्त्री म्हणाला, “इंजिनावर स्क्रूड्रायव्हर टेकवता येतो, बाळ. तू फोनवर. तुला कुठे टेकवू?”