वेस्टबाईंचं जादाचं पान

महाडच्या शाळेत आम्हाला इंग्रजी शिकवणाऱ्या बाईंना सगळी मुलं वेस्टबाई म्हणत. डब्यात घास उरला की त्या समोर येऊन उभ्या राहत. एकदा मी म्हणाले, "बाई, फूड वेस्ट गेलं."

"वेंट टू वेस्ट म्हण. आणि तेही आत्ता नाही. खाणारं कोणीच नाही अशी खात्री झाल्यावर."

मग त्या तो घास खिडकीत ठेवायला लावत. तास संपेपर्यंत तो गेलेला असे. कावळा मात्र कधी कोणी पाहिला नाही.

पुढे मी पोलादपूरला खाणावळ काढली. निवृत्त झाल्यावर बाई आणि त्यांचे यजमान, अण्णा, शेजारी राहायला आले. एका पावसाळ्यात अण्णा सावित्रीच्या पुरात वाहून गेले, सापडले नाहीत. बाईंनी दिवस घातले नाहीत. रोज संध्याकाळी मागच्या पडवीत अण्णांचं पान वाढत. सकाळी ताट घासलेलं, उपडं असे.

"मांजर आसल," मी म्हणायचे.

"मांजर ताट घासतंय काय गो?" माझी स्वयंपाकीण सखू विचारायची, आणि त्या पडवीकडे पाठ करून बसायची.

घरामागच्या डोंगराला भेग पडली, तेव्हा मुलगा बाईंना मुंबईला न्यायला आला. बाई हलेनात. "मी गेले तर ते उपाशी राहतील." मुलाने हात जोडले, रागावला, शेवटी रडला. घर कधीही गाडलं गेलं असतं. मी म्हटलं, "बाई, तुम्ही जा. पान मी वाढीन."

"गरम वाढशील?"

"गरम वाढीन."

गाडीत बसताना त्या म्हणाल्या, "विसरलीस तर त्यांच्यावर रागावू नकोस."

मी विसरले नाही. सकाळी ताट घासलेलं असे, पण ते मी बाईंना कधी कळवलं नाही. पण श्रावणात दरड आली आणि पडवीसकट घर गेलं. आता पान ठेवायचं कुठे? विषय संपला, असं मी धरलं.

दुसऱ्या दिवशी खाणावळीचं कुलूप मीच उघडलं. रात्री उरलेल्या भाताच्या पातेल्यात एका माणसाच्या जेवणाएवढा खळगा होता. ओट्यावर एक ताट, घासलेलं, उपडं. सखू उंबऱ्यातूनच परत गेली.

मी बाईंना फोन लावला आणि जे दिसलं ते सांगितलं.

"म्हणजे चालतं त्यांना," त्या म्हणाल्या, "माझ्या हातचं नसलं तरी."

आणि फोन ठेवून दिला.