एक्क्याण्णव गुणांचा जावई

माझा भाचा आशुतोष बेळगावच्या एका कॉलेजात मानसशास्त्र शिकवतो. पुण्याहून तो 'भावनिक बुद्धिमत्ता' मोजायची चाचणी शिकून आला आणि घरादाराला मोजत सुटला. 'दुसऱ्याचं मन मला चटकन कळतं' असल्या वाक्यांपुढं आपणच आपल्याला गुण द्यायचे. त्यानं स्वतःला दिले शंभरात एक्क्याण्णव. बायको शाल्मली खरं बोलणारी. तिचे झाले बेचाळीस. हा आकडा त्यानं जेवायला आलेल्या प्राध्यापकांना हसत हसत सांगितला. दुसऱ्या दिवशी शाल्मली बोरगावला, माहेरी.

आठवड्यानं तो तिला आणायला निघाला. मला बरोबर घेतलं. "आत्या, तू फक्त बस. मी हाताळतो."

एरवी "आलासा व्हय?" म्हणून उंबऱ्यातूनच ओरडणाऱ्या त्याच्या सासूबाई, यशोदाबाई, हळू आवाजात म्हणाल्या, "या जावईबापू. जेवून घ्या." त्याला सदा आशू म्हणणारी शाल्मली म्हणाली, "अहो, पाणी ठेवलंय."

आमच्याकडं जावयानं कितीही नको म्हटलं तरी ताटात भाकरी पडतेच. आशुतोष रीतीप्रमाणं एकदा "नको" म्हणाला, आणि यशोदाबाई भाकरीची बुट्टी उचलून आत गेल्या.

"बघितलंस?" तो माझ्या कानाशी लागला. "किती आदर. माझ्या नकाराचाही मान राखला. राग ओसरलाय."

"अरे, एका भाकरीवर उठवतायत तुला. आता फक्त बसची वेळ सांगायची राहिलीय."

तो रिकाम्या ताटाकडं बघत राहिला. मग तोंड उतरलं. "ती येणारच नाही का गं? काय करू?"

"चारचौघांत बोललास ना? माफीही चारचौघांत माग."

ओसरीवर मेहुणा रविराज शेजाऱ्यांबरोबर बसला होता. तिथं उष्ट्या हातानंच उभा राहून आशुतोष म्हणाला, "शाल्मली, मी चुकलो. तुला लागलं, ते मला कळलंसुद्धा नाही. आत्यानं सांगितल्यावर कळलं."

"ह्याला किती गुण द्यायचं गं आक्का?" रविराजनं विचारलं.

शाल्मली दाराला टेकून उभी होती. "काठावर पास," ती म्हणाली. "आई, वाढ गं आशूला."

बुट्टी परत आली. तो नको म्हणाला. "गप खावा की," म्हणत यशोदाबाईंनी दोन भाकरी टाकल्या, वर तूप.

संध्याकाळच्या बसला आम्ही तिघं होतो. चाचणी अजून चालू आहे. फक्त त्याचे गुण आता शाल्मली देते. परवा अडतीस मिळाले.