बोट गाठायची म्हणून

नागापूरच्या एमआयडीसीतला आमचा कारखाना बंद पडला तेव्हा मी चव्वेचाळीस वर्षांची होते. सोळा वर्षं तिथल्या ऑफिसात इंग्रजी पत्रव्यवहार केला होता. एवढ्या भांडवलावर मी गाइड झाले. कुणाला सांगितलं की लोक विचारायचे, नगरला कोण येतं बघायला? येतात. हिवाळ्यात तर बरेच येतात. मुंबईहून मोठी बोट सुटायची असते आणि तिच्या आधी प्रवाशांना चार दिवस जमिनीवर फिरवायचं असतं. वेरूळ, शिर्डी, नगर, पुणे आणि मग मुंबईचा धक्का. त्यातला तिसरा दिवस अर्धा माझा. सकाळी शिर्डीच्या हॉटेलातून बसमध्ये चढायचं, दुपारी दोनला नगरमध्ये उतरायचं.

या सहलीत काय असतं ते प्रवाशांना आधी कुणी नीट सांगत नाही. सहा वाजता बॅगा दाराबाहेर ठेवायच्या असतात. बसमधली जागा ठरलेली असते. किल्ल्यात पन्नास मिनिटं म्हणजे पन्नासच मिनिटं. पहिल्या दिवशी माणसं हौसेनं ऐकतात, तिसऱ्या दिवशी त्यांचे पाय सुजलेले असतात आणि माझ्या वाट्याला तेच पाय येतात. त्यांचं अर्धं मन बोटीवर गेलेलं असतं. केबिनला खिडकी असेल का, बोट लागते का, जेवण कसं असेल. मी निजामशाही सांगत असते आणि ती समुद्राचं बोलत असतात. त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही.

तीन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात इंग्लंडहून चौतीस जणांचा गट आला. सगळे मराठी, सगळे सत्तरीच्या आसपास. त्यांच्याबरोबर मुंबईचा एक टूर मॅनेजर होता, तरुण, नम्र, हातात सतत यादी. पुढच्याच सीटवर खिडकीशी एक बाई एकट्या बसल्या होत्या. आखूड पांढरे केस, पायात कापडी बूट, गळ्यात बारीक क्रॉस. कोल्हार आलं तशा त्या एकदम पुढे वाकल्या.

"इथून डावीकडे वळलं की बेलापूर ना?"

"हो, मावशी. तुम्हाला कसं माहीत?"

"माझं माहेर आहे ते."

बस काही वळली नाही. फाटा मागे पडला आणि त्या मान वळवून बघत राहिल्या, तो दिसेनासा झाल्यावरही. मी त्यांच्या शेजारी जाऊन बसले. त्या श्रीरामपूरच्या दवाखान्यात नर्सिंग शिकल्या होत्या आणि लग्न होऊन इंग्लंडला गेल्या होत्या. नवरा दोन वर्षांपूर्वी गेला. बेलापुरात एक थोरला भाऊ होता. त्याच्याशी पंचवीस वर्षांत बोलणं नव्हतं.

"आई गेली तेव्हा मी निघाले लगेच," त्या म्हणाल्या. "विमान चुकलं, मग दुसरं मिळेना. त्यानं दोन दिवस बर्फावर ठेवलं आईला. तिसऱ्या दिवशी दुपारी मूठमाती दिली. मी संध्याकाळी पोचले. चार तास, अहो. चार तास थांबला नाही तो."

त्या रात्रीच त्यांनी भावाला नको नको ते बोलून घेतलं होतं आणि दुसऱ्या दिवशी परत फिरल्या होत्या. त्यानंतर ना पत्र ना फोन. या सहलीचा कागद हातात आला तेव्हा त्यात शिर्डी ते नगर हा रस्ता दिसला, म्हणून नाव नोंदवलं. बोटीचं त्यांना काही अप्रूप नव्हतं. पण भावाला मात्र कळवलं नव्हतं. धीर झाला नव्हता.

"नुसतं लांबून गाव दिसलं तरी पुरे, असं वाटलं होतं," त्या म्हणाल्या. "ते तर दिसतही नाही रस्त्यावरून."

बेलापुरात माझ्या वर्गातला एक मित्र मेडिकलचं दुकान चालवतो. राहुरीच्या आसपास मी त्याला फोन लावला. मावशींच्या भावाला तो ओळखत होता, रक्तदाबाच्या गोळ्या त्याच्याकडूनच जात होत्या. वीस मिनिटांत त्यानं घर गाठून फोन म्हाताऱ्याच्या हातात दिला. मी माझा मोबाईल मावशींपुढे धरला. त्यांनी दोन्ही हात मांडीवर घट्ट धरून ठेवले आणि मान हलवली. म्हणून मीच बोलले.

"मामा, तुमच्या बहीण आल्यात. नगरला चाललोय आम्ही. दोन वाजेपर्यंत आहोत तिथं."

पलीकडे टीव्ही बंद केल्याचा आवाज आला. मग, "कुटली बहीन?"

"इंग्लंडच्या."

"मला न्हाई यायचं. तिला म्हनावं, सुखानं जा."

फोन बंद झाला. मावशींना सगळं ऐकू गेलं होतं. "बरोबर आहे त्याचं," एवढंच त्या म्हणाल्या आणि पर्समधून रुमाल काढला.

नगरला रणगाड्यांचं संग्रहालय पाहून आम्ही किल्ल्यात आलो, आणि तिथे मित्राचा फोन आला. "निघाला म्हातारा. धुतलेला सदरा घातलाय. मी मोटरसायकलवर सोडतो म्हणलं तर कंबर दुखती म्हणाला. एसटीनं येतोय. तुझा नंबर चिठ्ठीवर लिहून दिलाय खिशात."

मी मावशींना सांगितलं. किल्ल्यात पुढचा अर्धा तास मी काय बोलले ते मला आठवत नाही, पण त्या मात्र लक्षात आहेत. उन्हात एका दगडी ओट्यावर बसून त्या केसांवरून हात फिरवत होत्या. मला जवळ बोलावून म्हणाल्या, "त्याला काय म्हणायचे मी, तेच आठवेना बघा. दादा की भाऊ."

"मग?"

"आठवलं. बाबू म्हणायचे. थोरला असून बाबू. सगळे हसायचे."

जेवण पुणे रस्त्यावरच्या हॉटेलात होतं. मावशी जेवल्या नाहीत, रस्त्याच्या बाजूच्या खिडकीशी उभ्या राहिल्या. सव्वाला मामांची एसटी यायला हवी होती. पावणेदोनला मला अनोळखी नंबरवरून फोन आला. एसटीतल्या कुणा प्रवाशानं लावून दिला होता.

"बाई, आमी विळद घाटात हाये," मामांचा आवाज. "उसाची ट्रॉली पलटी झालीय म्होरं. गाड्या हालंनात. पर येतोय मी. ती हाय ना?"

"आहेत, मामा. या तुम्ही."

मी मॅनेजरकडे गेले. सगळं सांगितलं. तो वाईट नव्हता, हे मला नीट लिहायचं आहे. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. दोन वाजले होते, माणसं जागांवर बसली होती, एक गृहस्थ काचेतून मनगटावर बोट आपटून दाखवत होते.

"मॅडम, तुम्ही इथल्या आहात," तो म्हणाला. "नक्की सांगा. वीस मिनिटांत येतील का? नक्की असेल तर थांबतो."

घाट मला पाठ होता. सोळा वर्षं त्या बाजूला कामाला जात होते. ट्रॉली पलटली की कधी दहा मिनिटांत वाट होते, कधी दोन तास लागतात. त्याच महिन्यात एका गटाला माझ्यामुळे उशीर झाला म्हणून मी बोलणी खाल्ली होती. पुढचे तीन गट माझ्या नावावर होते. हे सगळं त्या क्षणी डोक्यात होतं. नव्हतं असं म्हटलं तर खोटं होईल.

"नक्की नाही सांगता येणार," मी म्हणाले.

"मग निघावं लागेल. बोट गाठायची आहे."

मावशी पायरीवर उभ्या होत्या. "मी उतरते इथं. मागून टॅक्सी करून येते पुण्याला."

"तसं सोडता येत नाही, मॅडम. जबाबदारी माझी असते."

मागून कुणीतरी म्हणालं, "अहो चला, बोट चुकेल सगळ्यांची." आवाजात राग नव्हता, काळजी होती. मावशींनी माझ्याकडे पाहिलं. मी एक शब्द बोलायला हवा होता. मी त्यांचा हात धरला आणि म्हणाले, "फोनवर बोलणं करून देते, मावशी." त्या वर चढल्या. दोन वाजून दहा मिनिटांनी बस गेली.

मी रिक्षानं तारकपूरच्या स्टँडवर गेले. अडीचच्या सुमाराला श्रीरामपूरची गाडी आत आली. म्हणजे वीसच मिनिटं. सगळ्यात शेवटी मामा उतरले, दांडी धरून, एकेक पायरी. चेहरा हुबेहूब बहिणीचा, त्यामुळे विचारावं लागलं नाही. हातात कापडी पिशवी होती.

"कुटं हाय?"

"गेल्या, मामा. बस गेली."

त्यांनी मागे वळून स्टँडवरच्या गाड्यांकडे पाहिलं, जणू तिथली एखादी असेल. "कवा?"

"दोन वाजून दहा मिनिटांनी. त्यांना थांबायचं होतं, मामा. थांबू दिलं नाही."

ते बाकावर बसले. मी पाण्याची बाटली दिली, त्यांनी ती तशीच हातात धरली. मग म्हणाले, "मी बी न्हाई थांबलो. आईच्या येळंला. लोक म्हनले, आता ठिवता येत न्हाई. मी म्हनलो, बरं. येक शबूद बोललो असतो तर आनखी चार तास लोक थांबले असते. पर न्हाई बोललो."

मला तिथं बसवेना. उठून मॅनेजरला फोन लावला. बस सुप्याजवळ पोचली होती. तिथंच थांबा, मी गाडी करून मामांना आणते, म्हटलं. तो म्हणाला, "नाही जमणार, मॅडम. पुण्याचा कार्यक्रम आहे साडेपाचला." पण फोन त्यानं मावशींकडे दिला, आणि मी माझा मामांच्या कानाला लावला.

"बाबू," असं पलीकडून ऐकू आलं. मी लांब जाऊन रसवंतीच्या गाड्यापाशी उभी राहिले. तरी तुटक तुटक कानावर येतच होतं. "व्हय, आल्तो... ट्रॉली पडली हुती... न्हाई, राग न्हाई... तू रडू नको, मानसं बगत असतील... दात हायेत का तुजे? माजे न्हाई राह्यले." मग ते हसले, आणि मग सदऱ्याच्या बाहीनं डोळे पुसत नुसतेच ऐकत राहिले. दहा-बारा मिनिटं झाली असतील. शेवटी म्हणाले, "बोटीवर जपून. कडंला उबी राहू नको."

फोन परत देताना त्यांनी पिशवीही माझ्याकडे दिली. आत हुरडा होता, सकाळी भाजून, कागदात बांधलेला. "तिला लई आवडायचा. आता तुमीच खावा. माज्याच्यानं चाववत न्हाई." साडेतीनच्या गाडीनं ते परत गेले. जाताना उलट माझीच समजूत घातली. "तुमी कशाला जिवाला लावून घेता? थांबनं लई अवघड असतं बगा. मला म्हाईत हाय."

घरी येऊन पर्स रिकामी करताना सहलीचा छापील कागद हातात आला. तो मी कधी खालपर्यंत वाचला नव्हता, माझा भाग तेवढा पाहायचे. चौथा दिवस, मुंबई, बोटीवर चढण्याची वेळ दुपारी तीनपासून, बोट सुटणार संध्याकाळी सातला. म्हणजे पुरता एक दिवस हातात होता. घाई होती ती पुण्यातल्या चहापाण्याच्या कार्यक्रमाची. बोटीचं नाव पुढे केलं की सगळे उठतात, म्हणून सगळेच ते पुढे करतात. मीसुद्धा किल्ल्यात रेंगाळणाऱ्यांना कित्येकदा तेच म्हणाले होते.

बोटीचा प्रवास दुबईला संपणार होता आणि गट तिथूनच विमानानं इंग्लंडला जाणार होता. त्यामुळे मावशी परत आल्या नाहीत. पुढच्या हिवाळ्यात एकटी येते आणि महिनाभर बेलापूरला राहते, असं त्यांनी ठरवलं. दर रविवारी मेडिकलच्या दुकानात मामांना फोन येऊ लागला. माझा मित्र सांगायचा, म्हातारा रविवारी दाढी करून येतो, फोनवर दिसत नाही तरी.

पावसाळा सरता सरता मामा गेले. सकाळी उठलेच नाहीत. मावशींनी या वेळी विमान शोधलंही नाही. गुडघ्याचं ऑपरेशन होऊन त्यांना आठच दिवस झाले होते. चार दिवसांनी त्यांचा मला फोन आला. आवाज अगदी बारीक झाला होता.

"तुम्ही त्याला पाहिलंत त्या दिवशी. एखादा फोटो काढला असेल ना? त्याच्या घरी म्हातारपणाचा एकही नाही. आधार कार्डावरचा आहे तेवढाच, त्यात ओळखू येत नाही म्हणतात."

मी बघून सांगते म्हणाले आणि मोबाईल चाळत बसले. त्या दिवसाचे साठ-सत्तर फोटो होते. रणगाड्यापुढे उभे राहिलेले जोडीदार, किल्ल्याच्या दारातला सबंध गट, जेवणाची ताटं, एका काकांची टोपी. ओट्यावर बसलेल्या मावशीही एका कोपऱ्यात होत्या. मामांचा एकही नव्हता. मला तेव्हा सुचलंच नव्हतं.

मी फोन लावून तसं सांगितलं.

"असू द्या," त्या म्हणाल्या. "मग सांगा तरी. कसा दिसत होता?"

मी सांगायला लागले. उंची साधारण माझ्या कानापर्यंत, थोडे वाकलेले. पांढरा सदरा, वरचं बटण वेगळ्या रंगाचं. डाव्या भुवईत पांढरा केस एकच, लांब. बोलताना मान उजवीकडे कलायची. कान मोठे होते. चपलेला नवा अंगठा बसवलेला होता.

"कान बाबांचे," त्या म्हणाल्या. "अजून सांगा."

मला आठवत होतं तेवढं मी सांगत राहिले. पलीकडून त्या फक्त हं म्हणत होत्या.