वावरात आहो, आलो

मी एका देशाचा गृहमंत्री होतो. हसू नका. देश मोबाइलवरच्या लढाईच्या खेळातला होता, पण फौज अशी, की नुसती शिंकली तरी शेजारच्या देशांची छपरं उडायची. सगळे मंत्री म्हणजे गावोगावचे खरे खेळाडू. अध्यक्ष पुण्याचे, आणि मंत्रालय आमच्या वरवट बकालला, बियाण्याच्या दुकानापुढच्या बाकावर. नेटवर्क तिथंच यायचं ना!

त्याच बाकावर संरक्षणमंत्री बसायचा, माझा जिवाचा दोस्त. आमची वावरं बाकासमोरच, बांधही एकच. त्याचे अब्बा जाता-येता म्हणायचे, "तुमी दोघं देश चालवा, कपाशी येचाले मी हावच!"

घटना लिहिताना राष्ट्रीय आणीबाणी कशाला म्हणायचं, यावर जुंपली. अध्यक्ष म्हणाले, "शत्रू सीमा ओलांडेल तेव्हा."

दोस्त उसळला. "साहेब, तवा काय उरते? आमची बीटी कपाशी पाहा. बोंड भाहेरून हिरवंगार, अन् आत गुलाबी अळी जेवून राह्यली. राखणदार बोलेनासा झाला, का समजा आणीबाणी."

"सोताले मोठा देशाचा राखणदार समजतं का बे?" मी म्हटलं. पण कलम तेच मंजूर झालं. संरक्षणमंत्र्याला निरोप धाडून उत्तर आलं नाही, तर आणीबाणी. मग त्याची फौज अध्यक्षांकडे जाणार आणि त्याचं खातं कायमचं पुसलं जाणार.

त्या साली कपाशी इतकी माजली, की तिच्यात उंट शिरला तर उंटवाल्यासकट हरवावा. बरं, उंट सोडा. माणूस दिसत नव्हता, हे खरं. फवारा डोक्यावर धरावा लागायचा आणि औषध परत तोंडावरच उतरायचं. तोंडाला दुपट्टा बांधून दोस्त फवारणीला शिरला. पंपाचा आवाज येत राहिला, पण एकाच जागेवरून. खामगावच्या दवाखान्यातून त्याला चादरीखाली परत आणलं.

माती देऊन आलो आणि बाकावर बसलो. अब्बाही येऊन शेजारी टेकले. काय करावं कळेना, म्हणून मी खेळ उघडला आणि सवयीनं त्याला लिहिलं, 'कुठी हायेस बे?'

लगेच उत्तर. 'वावरात आहो. आलो.'

अंगावरचे केस असे उभे राहिले, की सदरा वीतभर वर उचलला गेला. मग ध्यानात आलं. फवारणीला जाताना तो हे उत्तर लावून ठेवायचा. कुणीही निरोप धाडला, की खेळ आपोआप तेच पाठवायचा. त्याची फौजही त्याच्याच जुन्या हुकमावर सीमेवर फेऱ्या मारत होती.

अब्बांनी वाचलं. मग म्हणाले, "पुन्ना लिही."

तेव्हापासून ते रोज संध्याकाळी यायचे. आणीबाणी लागली, की हे उत्तर गेलं. म्हणून त्या देशात त्याच्या मरणाची बातमी मी कळूच दिली नाही.

अध्यक्षांना शंका आलीच. "नेहमी तेच उत्तर कसं? आणीबाणी जाहीर करू या."

"साहेब, कलम वाचा. उत्तर येते ना?"

"अहो, पण इतके दिवस वावरात?"

"तुमाले वऱ्हाडची कपाशी ठाऊक नाही. मांगच्या साली तिच्यात वरात शिरली होती. भाहेर निघाली तं नवरदेवाची दाढी पांढरी!"

ते हसले. मी दर वेळी नवी थाप रचत गेलो आणि ते हसत गेले. मग एका संध्याकाळी शत्रू खरंच शिरला. दोस्ताची फौज नव्या हुकमाविना नुसतीच फिरत राहिली. अध्यक्षांनी लिहिलं, "थट्टा पुरे. खरं सांगा, तो आहे ना?"

शेजारी अब्बा बसले होते. मी लिहिलं, "हाव. वावरात आहे."

देश त्याच संध्याकाळी गेला. नकाशात आता त्या जागी दुसराच रंग आहे. आणीबाणी मात्र शेवटपर्यंत लागली नाही; खातं आहे, उत्तर येतं.

यंदा पाऊस दगा देऊन गेला. कपाशी गुडघ्यालाही लागत नाही, मेंढरू शिरलं तरी इथून दिसतं. अब्बा येतात, उत्तर वाचतात आणि डोळ्यांवर हात धरून वावराकडे पाहत राहतात.

"लयच वाढली बे कपाशी या साली," म्हणतात.

मी म्हणतो, "हाव, अब्बा."