धुवून, वाळवून

माझ्या वहिनीला अख्खी बिल्डिंग ‘धुवून’ म्हणते. तोंडावर नाही, पाठीमागे. ती रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला आहे. दिवसभर तिथल्या नळ्या स्वच्छ करते आणि घरी आली की आमचा कचरा. चेअरमनांच्या हात धुऊन मागे लागून तिने जिन्याखालची पडीक खोली मिळवली, दुधाच्या पिशव्या, बाटल्या, जुने मोबाइल, त्यांच्या बॅटऱ्या यांचे वेगवेगळे डबे मांडले आणि भिंतीवर रंगवलं: सगळं धुवून, वाळवून द्या. महिन्यातून एकदा रिसायकलिंगवाल्यांची गाडी येऊन तो माल घेऊन जाते. आधी लोक हसले. पण ही बया हटेल तर शपथ! बरबटलेली पिशवी दिसली की थेट त्या घराची बेल. बघता बघता गॅलऱ्यांमध्ये कपड्यांशेजारी पिशव्या वाळायला लागल्या. माझ्यासुद्धा.

दाद दिली नाही ती एकाच माणसाने. आमच्या अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी.

अण्णांनी जन्मात इकडची काडी तिकडे केलेली नाही. लग्न होऊन आली त्याच आठवड्यात वहिनी त्यांना सहज म्हणाली होती, की चहा झाल्यावर कप तेवढा विसळून ठेवाल का. झालं! तेव्हापासून अण्णा तिच्याशी एक अक्षर थेट बोलले नव्हते. मीठ हवं असलं तर दादाला सांगायचे, ‘तिला म्हणावं, मीठ.’ दादा नसला तर टीव्हीकडे बघून सांगायचे. वहिनी हसण्यावारी न्यायची. पण एकदा खालच्या मजल्यावर माझ्या घरी येऊन बसली आणि म्हणाली, “वन्सं, एकदा सून म्हणून हाक मारली ना त्यांनी, तरी मला पुरे.” मी काय बोलणार? बाप माझाच.

मागच्या खेपेला गाडीवाल्यांनी अर्धा माल घाण आहे म्हणून परत टाकला. जेवताना ते सांगता सांगता वहिनीला रडू कोसळलं. अण्णा मान खाली घालून जेवत होते. त्यांचं लक्ष असेल असं आम्हा कोणालाच वाटलं नाही.

या खेपेला, गाडी यायच्या आदल्या दिवशी दुपारी, मी गॅलरीतले कपडे काढत होते आणि डोक्यावर धाडकन आवाज झाला. मग आणखी एक. वर बघते तर दादाच्या गॅलरीतून काळा धूर. दादा-वहिनी कामावर, घरात अण्णा एकटे.

मी आणि वॉचमन एकदमच वर पोचलो. पडदा पेटला होता आणि अण्णा तो हाताने ओढून काढत होते. वॉचमनने वाळूची बादली ओतली. धूर जरा निवळला तेव्हा दिसलं, आमचं मोठं स्टीलचं ताट काळंठिक्कर पडलेलं आणि त्यात जळक्या मोबाइलच्या बॅटऱ्यांचा ढीग. माझं डोकंच फिरलं. हा उकिरडा वहिनीने आता घरात आणून ठेवला? मनातल्या मनात मी तिला लाखोली वाहिली.

पोळलेला हात पाण्याखाली धरायला अण्णांना सिंकपाशी नेलं. सिंकमध्ये साबणाचा फेस. कडेला अण्णांचा दात घासायचा ब्रश, पार काळा झालेला. आणि जिन्याखालच्या खोलीतला बॅटऱ्यांचा डबा, तोही घासूनपुसून पालथा घातलेला.

“अण्णा, तुम्ही धुतल्या?”

“भिंतीवर लिहिलंय,” अण्णा म्हणाले. “सगळं.”

ज्या माणसाने कधी स्वतःचा कप विसळला नाही, त्याने एकेक बॅटरी ब्रशने घासली होती आणि वाळायला म्हणून उन्हात स्टीलच्या ताटात एकमेकींवर रचली होती. ओल्या बॅटऱ्या अशा धातूवर भिडल्या की पेट घेतात, हे वहिनीने मला नंतर दवाखान्यात सांगितलं. बिल्डिंगमध्ये तिने कोणालाच सांगितलं नव्हतं. बॅटरी कोणी धुवेल हे कोणाच्या स्वप्नात तरी येईल का?

सिंक तिनेही बघितलं होतं. पण बिल्डिंगला तिने भलतंच सांगितलं. “बॅटऱ्या मीच घरात ठेवल्या, अण्णा आग विझवताना भाजले.” मी तोंड उघडायला गेले तर माझा दंड असा दाबला की वळ उठला.

रविवारी पार्किंगमध्ये मीटिंग झाली. अण्णांना मानाने खुर्ची दिली, या वयात त्यांनी बिल्डिंग वाचवली म्हणून टाळ्या वाजवल्या. बँडेज बांधलेला हात मांडीवर घेऊन ते मूग गिळून बसले होते. मग सगळे वहिनीवर तुटून पडले. नसते उद्योग म्हणाले, लेकराबाळांचा जीव घ्याल म्हणाले. कालपर्यंत पिशव्या वाळवणारीच ही माणसं! माझा नुसता संताप झाला. वहिनी मान खाली घालून म्हणाली, “चूक माझीच आहे.” चेअरमनांनी खोलीची चावी मागत हात पुढे केला. तिने पर्स उघडली.

“बॅटऱ्या मी धुतल्या,” अण्णा म्हणाले.

कोणाला कळेचना. चेअरमन म्हणाले, आजोबा, तुम्ही शांत बसा. अण्णा उठून उभे राहिले.

“मीच. ब्रशने. माझी सून खोटं बोलतेय.”

मग चेअरमनांकडे नाही, टीव्ही तर तिथे नव्हताच, सरळ तिच्या तोंडाकडे बघत म्हणाले, “सूनबाई, चावी आत ठेव. आणि बॅटरी धुवायची नाही असं भिंतीवर लिही. जरा मोठ्या अक्षरांत. मला नीट दिसत नाही.”

वहिनीच्या हातातली पर्स तशीच उघडी राहिली.