करंगळीचा आकडा

आमच्या घरातल्या सिंथेसायझरचा टच ह्यांनी स्वतःच्या हाताने बंद केला होता, आणि तो का बंद केला हे मला ठाऊक आहे अशी माझी पक्की समजूत होती. मला सगळंच ठाऊक असतं ही माझी समजूत जुनी आहे.

टच म्हणजे फार मोठं शास्त्र नाही. तो चालू असला की पट्टी हलकी दाबली तर आवाज हलका, जोरात दाबली तर मोठा. बंद केला की कुरवाळा नाहीतर बुक्की मारा, आवाज एकच. आता माझ्या नवऱ्याचा जन्म गेला हार्मोनियमवर. तिथं लहानमोठं जे काही करायचं ते भात्यावर, पट्टीला काय, दाबली की झालं. त्यामुळे सव्वादोन वर्षांपूर्वी हे म्हणाले, "मला नाही जमत हा नखरा, बंदच बरा," तेव्हा मी मान डोलावली. सदाशिव पेठेतल्या माणसाने नव्या गोष्टीला नाकं मुरडली तर त्यात नवल काय?

सिंथेसायझर घेतला होता साथीसाठी. हार्मोनियमच्या शिकवण्या घरी, सदाशिव पेठेतल्या आमच्या दोन खोल्यांत, आणि वर्षाकाठी चारदोन कार्यक्रम. ह्या माणसाला जेवण नसलं तरी चालेल, वाजवायला नसलं तर हे आजारी पडतात. अतिशयोक्ती नाही करत. मागे वीस दिवस गावाला राहावं लागलं तर तिथल्या भजनी मंडळाची पेटी मागून आणली होती.

तर गेल्या थंडीत शेजारच्या इमारतीतल्या गायिकाबाईंचा भावगीतांचा कार्यक्रम ठरला. तालमीत त्या ऐकून घेत होत्या, ऐकून घेत होत्या, आणि शेवटी म्हणाल्या, "अहो, पियानो वाजतोय की टायपिंगची परीक्षा चाललीय? तो टच लावून आणा बघू पुढच्या वेळी."

हे "हो हो" म्हणाले. मग आठ दिवस नुसती टोलवाटोलवी. मॅन्युअल सापडत नाही. चष्मा बदलायला टाकलाय. बटणच खराब आहे. रविवारी सकाळी पोहे झाल्यावर माझं डोकं फिरलं. मी एका कारखान्याच्या तपासणी विभागात तीस वर्षं मापं तपासली, मायक्रॉनचा फरक पकडला. मला एक बटण सापडू नये? "उठा," म्हटलं, "बसा त्याच्यासमोर. मी लावते टच."

सापडायला दोन मिनिटं लागली नाहीत. फंक्शनचं बटण, त्याखाली यादी, यादीत टच, आणि टचचे चार प्रकार: सॉफ्ट, मीडियम, हार्ड आणि ऑफ. मी मीडियम केलं. "वाजवा."

ह्यांनी साधं सा रे ग म प वाजवलं. सा रे ग खणखणीत. पुढचे दोन सूर कोणीतरी शेजारच्या खोलीत वाजवल्यासारखे.

"परत."

परत तेच. सॉफ्ट करून पाहिलं, त्यात हलक्या हातालाही आवाज मोठा येतो. तरी तेच. मी म्हटलं, चला, पट्ट्या गेल्या. पण अंदाजाने बोलणं माझ्या स्वभावात नाही. मोबाइलला वायर जोडली आणि एक फुकटचं ॲप घेतलं. पट्टी किती झटक्यात खाली गेली त्याचा आकडा त्यात दिसतो, एक ते एकशेसत्तावीस. मी कागद घेतला, रकाने आखले, आणि ह्यांना एकेक बोट दाबायला लावलं. अंगठा पंचाऐंशी. तर्जनी नव्वद. मधलं बोट अठ्ठ्याऐंशी. अनामिका एकतीस. करंगळी एकोणीस.

लगेच दुकानात फोन. दुकानदार आमच्याच पेठेतला, म्हणजे गोड बोलणं हा प्रकार त्याच्याकडे विकायला नाही. त्याला सगळे आकडे वाचून दाखवले आणि ठणकावलं, "दोन पट्ट्या खराब दिल्यात तुम्ही."

"बाई, त्याच पट्ट्या दुसऱ्या बोटाने दाबून बघितल्यात?"

"नाही."

"मग बघा. दोष पट्टीत असला तर पट्टीपाशी राहतो. बोटाबरोबर फिरत नाही तो." आणि फोन ठेवून दिला.

राग आला, पण मनात म्हटलं, बरोबर आहे मेल्याचं. तीस वर्षं मी हेच तर करत होते, दोष यंत्रात की मापात ते आधी ठरवायचं. कसं सुचलं नाही मला? ह्यांना म्हटलं, "करंगळीवाली पट्टी आता मधल्या बोटाने दाबा."

सत्त्याऐंशी.

"आणि अंगठ्याखालची पट्टी करंगळीने."

वीस.

"अहो, नीट दाबा की!"

"दाबतोय."

"कुठं दाबताय? गोंजारताय नुसतं. जोर लावा!"

"अगं, दाबतोय गं," हे म्हणाले. मी कागदावरून मान वर केली. ह्यांच्या कपाळावर घाम होता. बाहेर थंडी, पंखा बंद, आणि हा माणूस एक करंगळी दाबायला घामाने भिजला होता.

पेन कुठं पडलं ते कळलं नाही. मी ह्यांचा उजवा हात हातात घेतला आणि उजेडात धरला. अंगठा आणि तर्जनीच्या मध्ये मागच्या बाजूला जो मांसल उंचवटा असतो ना, तो नव्हताच. तिथं खड्डा होता. डावा हात बघितला, डावा भरलेला. म्हणजे हे काही एका रात्रीत झालेलं नव्हतं. लग्नाला एक्केचाळीस वर्षं झाली, ह्या हातात रोज सकाळी मी चहाचा कप देत होते. बाई गं, मी बघत काय होते?

"कधीपासून?"

"दीड वर्ष झालं असेल."

दीड वर्ष! म्हणजे टच बंद केला तेव्हापासून. नखरा नको, नवं नको, सगळी बतावणी. टच बंद असला की मेलेल्या बोटाचा आवाजही जिवंत बोटाइतकाच येतो, आणि हार्मोनियमवर तर भाता सगळं झाकतो. लांबचे सूर ह्यांनी हळूहळू तीन बोटांत बसवले होते. एकाही शिष्याच्या लक्षात आलं नाही. आणि मग मला एकेक दिसायला लागलं. शर्ट सोडून हे टी-शर्ट घालायला लागले तेव्हा मी चारचौघांत विचारलं होतं, "कॉलेजात ॲडमिशन घेतलीत की काय?" सगळे हसले होते, हेही हसले होते. बटणं लागत नव्हती हो त्या माणसाला.

दुसऱ्याच दिवशी डॉक्टर. नसांची तपासणी झाली, सुया टोचून झाल्या. कोपराशी नस दबली होती. डॉक्टरांनी विचारलं, "कोपर कशावर टेकून बसायची सवय आहे का?" ह्यांच्याआधी मीच बोलले. शिष्य वाजवत असला की हे पेटीच्या लाकडी कडेवर उजवा कोपर टेकून, तळहातावर हनुवटी ठेवून ऐकतात. तास न् तास, वर्षानुवर्षं. आमच्या बाहेरच्या खोलीत ह्यांचा फोटो आहे तोही तसाच.

"ऑपरेशन करून नस मोकळी करू," डॉक्टर म्हणाले. "पुढचं नुकसान थांबेल. झालेलं कितपत भरून येईल ते सांगता येत नाही. सुरुवातीला आला असतात तर गोष्ट वेगळी होती."

ते शेवटचं वाक्य मी जिना उतरेपर्यंत कसंबसं गिळलं. फुटपाथवर आल्यावर माझा बांध फुटला. रिक्षा थांबत होत्या, जात होत्या, मी भर रस्त्यात ह्यांना झापत होते. "कोणापासून लपवलंत? माझ्यापासून? मी काय परकी होते? एका शब्दाने सांगता आलं नाही? बोटं गेली ना आता! घ्या, बसा आता नुसतं ऐकत!" माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि तोंड थांबत नव्हतं.

मग हे म्हणाले, "अगं, सांगितलं होतं. पहिल्यांदा तुलाच सांगितलं होतं."

"कधी?"

"सुरुवातीलाच. मंडईतून मटार आणले होते, तू सोलत बसली होतीस. मला म्हणालीस, जरा हातभार लावा. मी म्हटलं, करंगळी ऐकत नाही गं हल्ली. तू म्हणालीस, कामाचं नाव काढलं की बरी तुमची बोटं रुसतात, पेटीवर कशी नाचतात? मग मी सोलले मटार." रिक्षाला हात करत म्हणाले, "पुन्हा नाही सांगावंसं वाटलं."

ह्यात तक्रार नव्हती. मी विचारलं म्हणून सांगितलं, एवढंच. पेठेत माझ्या जिभेला लोक वचकून असतात, ह्याचा मला अभिमान होता.

ऑपरेशन होऊन सात महिने झाले. कार्यक्रमाला दुसऱ्या कोणी साथ केली. हे पहिल्या रांगेत बसले, आणि घरी आल्यावर दोन दिवस पेटीला हात लावला नाही. रोज सकाळी टच चालू करून मी आकडे लिहिते. अनामिका साठावर आली आहे. करंगळी अठ्ठावीसच्या पुढे हलत नाही, आणि आता हलेल असं डॉक्टरांनाही वाटत नाही.

त्या मटारांचा दिवस मी किती वेळा आठवून पाहिला. स्वयंपाकघरात होते की बाहेर, सकाळ होती की संध्याकाळ. मी काय म्हणाले ते ह्यांना शब्दान् शब्द आठवतं. मला ते मटारसुद्धा आठवत नाहीत.